गिझर चालू, पाणी गार: लातूरच्या घरातल्या दुरुस्तीच्या नोंदी

२१ डिसेंबर २०२४, शनिवार

गिझर १५ लिटरचा, भिंतीवरचा, उभा, २००० वॅटचा. टाकी आतून इनॅमलची. २०१६ च्या दिवाळीत घेतलेला, म्हणजे मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलं त्याच वर्षीचा. गॅरंटी कधीच संपली. घरात नळाचं आणि बोअरचं पाणी गच्चीवरच्या एकाच टाकीत पडतं, आणि बोअरचं पाणी किती क्षाराचं आहे ते बाथरूमच्या फरशीवरूनच कळतं.

तक्रार: तासभर चालू ठेवला तरी नळाला गारच पाणी. आई गॅसवर पातेलं ठेवून भागवतेय.

"लाईट तर लागलीय की," असं आई म्हणाली, म्हणून पाहिलं. लागली होती ती भिंतीवरच्या बोर्डाची लाईट. गिझरच्या बुडाचा दिवा बंद होता. हे दोन वेगळे दिवे आहेत. बोर्डाचा दिवा सांगतो की स्विचपर्यंत वीज आली. गिझरचा दिवा आमच्या मॉडेलमध्ये थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला वीज तोडणारा) आणि कटआऊट (पाणी फारच तापलं तर वीज तोडणारा) यांच्या पुढे, थेट एलिमेंटच्या, म्हणजे पाणी तापवणाऱ्या कॉइलच्या, दोन टोकांना जोडलेला आहे (हे झाकण काढल्यावर कळलं). काही कंपन्या तो आधीच जोडतात, त्यामुळे दिव्यावरून निष्कर्ष काढण्याआधी त्याच्या वायरी कुठे जातात ते बघा.

हाताशी होतं ते: साडेसहाशेचा मल्टिमीटर, टेस्टर, पाने, स्क्रू ड्रायव्हर.

पहिली तपासणी गिझर न उघडताच होते. एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) बंद केला, प्लग काढला आणि प्लगच्या खालच्या दोन पिनांमध्ये ओहम मोजले. २३० चा वर्ग भागिले २००० म्हणजे २६.४५, तेवढे यायला हवेत. आले २६.९. म्हणजे वायर, कटआऊट, थर्मोस्टॅट, एलिमेंट ही सगळी साखळी या क्षणी जोडलेली आहे. इथे मीटरने काहीच दाखवलं नसतं तर झाकण उघडावं लागलं असतं.

मग जाड पिन, म्हणजे अर्थ, आणि बारीक पिन यांच्यात मोजलं. इथे मीटरने काहीच दाखवायला नको. १.४ मेगाओहम दाखवलं. आज तेवढ्यावर थांबलो नाही, पण आकडा लिहून ठेवला.

एमसीबी चालू करून रिकाम्या सॉकेटमध्ये व्होल्ट मोजले. फेज-न्यूट्रल २२९, फेज-अर्थ २२९, न्यूट्रल-अर्थ १. एकदम छान.

म्हणजे सॉकेट ठीक, गिझर ठीक, आणि दोन्ही जोडले की पाणी गार.

तेवढ्यात बाबांनी बोलावलेला वायरमन आला. त्याने झाकण काढलं, गिझर चालू करून दोन्ही टर्मिनलांना टेस्टर लावला, आणि दोन्हीकडे टेस्टर पेटला. "करंट पुरा येतोय दादा, कॉइल गेलीय. नऊशे लागतील, मजुरीसकट." बाबा पाकीट काढायला उठले होते. पण २६.९ ओहम दाखवणारी कॉइल गेलेली कशी असेल? त्याला सोमवारपर्यंत थांब म्हटलं.

तो गेल्यावर तेच मोजमाप मीटरने केलं. गिझर चालू, झाकण उघडं, पायात चप्पल, जमीन कोरडी, एक हात पाठीमागे. ज्यांना उघड्या टर्मिनलवर मीटर लावायची सवय नाही त्यांनी ही पायरी वायरमनकडूनच करून घ्यावी.

गिझरच्या टर्मिनलवर:
फेज-न्यूट्रल: १ व्होल्ट
फेज-अर्थ: २२९
न्यूट्रल-अर्थ: २२८

न्यूट्रलच्या टर्मिनलवर २२८! गिझरपर्यंत न्यूट्रल पोचतच नाहीये. फेज एलिमेंटमधून पलीकडे जाऊन तिथेच अडकून बसलाय, म्हणून टेस्टर दोन्हीकडे पेटतो. दोन्ही टर्मिनलांवर टेस्टर पेटणं याचा अर्थ "करंट पुरा येतोय" असा नाही. न्यूट्रल तुटलाय, असा आहे. कॉइल खरंच तुटलेली असती तर टेस्टर एकाच बाजूला पेटला असता. आजच्या दिवसाची सगळी कमाई या दोन वाक्यांत आहे.

२२ डिसेंबर, रविवार

एमसीबी बंद, टेस्टरने खात्री, मग सॉकेट भिंतीतून बाहेर काढलं. न्यूट्रलची पितळी पकड काळी पडून फाकलेली. मागचा स्क्रू ढिला. वायरीवरचं प्लॅस्टिक इंचभर करपलेलं. गिझरच्या प्लगची तीच पिन निळसर काळी, आणि बाहेरून दिसायला सॉकेट नव्यासारखं.

मग काल रिकाम्या सॉकेटमध्ये २२९ कसे दिसले? मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. काजळी धरलेल्या सांध्यातूनही त्याला पुरेसं मिळतं. गिझर मात्र पावणेनऊ अँपिअर मागतो, आणि तेवढं मागितलं की तो सांधा हात वर करतो. म्हणून व्होल्ट मोजायचे ते भार चालू असताना. मीटर नसेल तर होल्डरमध्ये शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब आणि दोन वायरी, एवढा टेस्ट लॅम्पसुद्धा टेस्टरपेक्षा जास्त खरं सांगतो.

केलेलं काम: आयएसआय मार्कचं नवं १६ अँपिअरचं सॉकेट (१६० रु.) आणि नवा प्लग (९० रु.). जुना प्लग पॉलिश पेपरने घासून वापरायचा मोह होतो, पण काळी पिन नव्या सॉकेटचीही पकड जाळते. करपलेली वायर लालभडक तांबं दिसेपर्यंत मागे कापली. सुदैवाने बॉक्समध्ये वीतभर वायर जास्तीची होती.

चालू केला. गिझरचा दिवा लागला. टर्मिनलवर चालू भाराला २२१ व्होल्ट. वीसेक मिनिटांत पाणी कढत. आईने लगेच बादली लावली.

इथे बहुतेक जण थांबतील, आणि थांबायला हरकत नसावी असं मलाही वाटलं होतं. पण आई जाता जाता म्हणाली, "गेल्या वर्षीपण लई कढत यायचं, मी आपली वीस मिनिटांनी बंदच करत होते." बटण कमीवर असताना लई कढत का यावं? म्हणून रात्री जेवणं झाल्यावर बटण मध्यावर, म्हणजे साधारण ६० अंशांवर ठेवलं आणि गिझर आपला आपण बंद होतो का ते पाहायला बाथरूमच्या दारात खुर्ची टाकून बसलो.

२५ मिनिटं: दिवा चालू. हा बंद व्हायला हवा होता.
३५ मिनिटं: दिवा चालू. आतून घुळघुळ आवाज.
४० मिनिटं: पाणी आत येण्याच्या वाटेवरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून वाफाळतं पाणी थेंब थेंब.
पाऊण तासाला दिवा गेला.

नळ जरासा उघडला तर पाण्याआधी वाफ. स्विच बंद केला आणि बाथरूमला बाहेरून कडी घातली.

२३ डिसेंबर, सोमवार

सकाळी पाणी कोमट. गिझर चालू केला, दिवा नाही. पिनांमध्ये ओहम मोजले तर आज साखळी तुटलेली. अंदाज होताच.

वायरमनला फोन केला. "कटआऊट उडालाय. डायरेक्ट करून देतो, दोन मिनिटांचं काम. थर्मोस्टॅटपण डायरेक्ट केला तर पुन्हा कटकट नाही." नको म्हटलं. हे मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण हा सल्ला गल्लोगल्ली मिळतो. थर्मोस्टॅट अडकला की कटआऊट शेवटचा पहारेकरी. तोही काढला तर बंद टाकीत पाणी उकळत राहतं आणि मध्ये उरतो फक्त सेफ्टी व्हॉल्व्ह, जो क्षाराच्या पाण्यात आठ वर्षं राहिलाय. गिझर फुटून भिंत पडल्याच्या बातम्या येतात त्या अशाच "डायरेक्ट"च्या असू शकतात. काल रात्री कटआऊटने त्याचं काम बरोबर केलं होतं. बिघाड त्याच्या आधी कुठेतरी होता.

२४ डिसेंबर, मंगळवार

झाकण काढलं. कटआऊटचं छोटं लाल बटण बाहेर आलेलं. दाबलं, टक्क झालं, साखळी पुन्हा जोडली गेली. काही मॉडेलमध्ये हे बटण नसतं. तिथे कटआऊट एकदाच उडतो आणि बदलावाच लागतो.

आता थर्मोस्टॅट. आमचा कांडीचा आहे: एक लांब नळी टाकीतल्या बंद खिशात सरकवलेली, वर बटण. हा काढायला टाकी रिकामी करावी लागत नाही, खिसा कोरडाच असतो. दोन वायरींचे फोटो काढले, त्यांना चिकटपट्टीवर १-२ लिहून डकवलं, मग कांडी ओढून काढली.

तपासणी स्वयंपाकघरात. पातेल्यात पाणी, शेजारी स्वयंपाकाचा थर्मामीटर, थर्मोस्टॅटचं बटण सगळ्यात कमीवर, मीटर टर्मिनलांना. फक्त कांडी पाण्यात, डोकं कोरडं. ४० अंश: जोडलेला. ६०: जोडलेला. ८०: जोडलेला. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने डोक्यावर टिचकी मारल्यावर टक्क करून उघडला, पुन्हा गार करून पुन्हा तापवला तर परत चिकटलेला. आतले पॉइंट ठिणग्या उडून एकमेकांना चिकटलेत. पॉलिश पेपरने घासले तर आठवडाभर चालतील. पण त्यांच्या भरवशावर आई-बाबांना सोडून पुण्याला जायची माझी तयारी नाही.

म्हणजे हा थर्मोस्टॅट कधीपासून बिघडला होता कोण जाणे. आई हाताने बंद करायची म्हणून कळलं नाही.

२५ डिसेंबर, बुधवार

नाताळची सुट्टी, पण गंजगोलाईत, लातूरच्या गोल बाजारपेठेत, दुकानं उघडी. जुना थर्मोस्टॅट खिशात घेऊन गेलो, आणि तेच बरोबर ठरलं. कांडीच्या लांबीत फरक असतो, टर्मिनल डाव्या-उजव्या बाजूला असतात, काहींत कटआऊट त्याच डोक्यात बसवलेला असतो, काहींत वेगळा. पहिल्या दुकानात "हा बसेल" म्हणून दोन इंच आखूड कांडी पुढे केली. आखूड कांडी खालचंच पाणी मोजते आणि वरचं वेगळंच तापलेलं राहतं. नको म्हटलं. गोलाईतून सोळा रस्ते फुटतात, त्यातल्या दुसऱ्या रस्त्यावर बरोब्बर लांबीचा मिळाला. ३२० रु. घरी आणून बसवण्याआधी पातेल्याची तीच परीक्षा: सगळ्यात कमीवर ठेवल्यावर ४० च्या आसपास टक्क, मध्यावर ६० च्या आत-बाहेर टक्क. नवा भागही बसवायच्या आधी तपासावा, बसवल्यावर दोष शोधणं अवघड.

बसवला. २४ व्या मिनिटाला दिवा आपला आपण गेला. आवाज नाही, थेंब नाही.

राहता राहिला शनिवारचा १.४ मेगाओहमचा आकडा. मल्टिमीटर नऊ व्होल्टच्या बॅटरीवर मोजतो, त्याला विजेची अर्थकडे होणारी गळती धड दिसत नाही. त्याला मेगर लागतो, जो ५०० व्होल्टवर मोजतो. वायरमनकडे होता. संध्याकाळी आला, दोनशे रुपये ठरले. फेज आणि न्यूट्रल एकत्र जोडून अर्थशी मोजलं: ०.२ मेगाओहम. टाकी तापलेली असताना त्याहून कमी. त्याने नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "म्हटलं होतं ना दादा, कॉइल."

बरोबर म्हणाला होता, पण कारण दुसरं. कॉइलचं आवरण कुठेतरी चिरलंय आणि आतल्या पांढऱ्या पावडरमध्ये ओल शिरलीय. आज एवढ्या गळतीने ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडणार नाही, पण चीर मोठी होतच जाणार, आणि या घरात आरसीसीबी बसवलेलाच नाही. कॉइल काढायचीच. कॉइल ६५० रु., गॅसकेट ४० रु., आणि टाकी उघडतोच आहोत तर मॅग्नेशियमचा अ‍ॅनोड रॉड (स्वतः झिजून टाकीला गंजापासून वाचवणारा) २८० रु.

२८ डिसेंबर, शनिवार

टाकी रिकामी करणं हेच आजचं अर्धं काम. एमसीबी बंद, प्लग बाहेर, अँगल कॉक बंद. गार पाण्याचा पाइप सोडला तर चमचाभरच पाणी आलं. कारण सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये पाणी मागे जाऊ न देणारी झडप असते. तो व्हॉल्व्ह पान्याने पूर्ण सोडावा लागला. तरी धार नाही, कारण वरून हवा शिरत नव्हती. गरम पाण्याचा पाइप सोडल्यावर भडभड बादलीत. त्यानंतरही तळाशी पाणी राहतंच. कॉइलच्या चकतीचे नट सोडताना खाली परात धरा, नाहीतर ते पाणी बाहीतून काखेपर्यंत येतं.

नट गंजलेले. उलटे फिरेनात म्हणून गंज सोडवणारा स्प्रे मारून जेवून आलो, मग फिरले. जोर केला असता तर बोल्टच तुटला असता, आणि तो टाकीला वेल्ड केलेला आहे.

चकती खाली आली ती एकटी नाही. परात पांढऱ्या चिपांनी भरली, जुन्या भिंतीच्या चुन्याच्या पापुद्र्यांसारख्या. कॉइलचे वेढे ओळखू येत नव्हते, दोन वेढ्यांमधली जागा क्षाराने बुजलेली. थर्मोस्टॅटच्या खिशाच्या नळीवरही जाड थर. अ‍ॅनोड रॉडची नुसती मधली तार शिल्लक, मॅग्नेशियम शून्य.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, पाण्याचा कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलंय. दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. आमचं बोअर या दुसऱ्या टोकाकडचं असणार. हा क्षार पाणी जितकं जास्त तापवाल तितका जास्त बसतो. थर्मोस्टॅट अडकल्यामुळे इथे पाणी रोज गरजेपेक्षा जास्त तापत होतं. क्षाराखाली कॉइलला उष्णता सोडता येत नाही, ती स्वतःच तापते आणि आवरण चिरतं. म्हणजे कॉइल मेली त्याचंही मूळ बहुधा थर्मोस्टॅटच.

साफसफाई: सुटे खडे हाताने. चिकटलेला थर लाकडी चमच्याने खरवडला, लोखंडी उलथनं नाही, इनॅमलला चरा गेला की तिथून टाकी गंजते. उरलेल्यासाठी किराणा दुकानातलं लिंबू सत्व, ६० रुपयांचं, कोमट पाण्यात विरघळवून. टाकीचं तोंड खाली असल्याने आत भरून ठेवता येत नाही, म्हणून जुन्या चादरीचे बोळे भिजवून आत लावले आणि तासभर ठेवले. फसफसतं, थर मऊ होतो, मग पुसला जातो. शेजारच्या काकांनी संडास साफ करायचं अ‍ॅसिड आणून दिलं होतं. ते क्षार झटक्यात खातं खरं, पण धातूही खातं. आभार मानून परत केलं.

रात्र झाली, आज बंद. पातेलं गॅसवर.

२९ डिसेंबर, रविवार

नवी कॉइल बसवण्याआधी मोजली: २६.५ ओहम, अर्थशी मीटरवर काहीच नाही. अ‍ॅनोड रॉड, नवी गॅसकेट, चकती. नट समोरासमोरचे एकेक करून आवळले, एकच बाजू आधी आवळली तर गॅसकेट तिरकी बसते. पाइपांना टेफ्लॉन टेप.

मग अँगल कॉक उघडला आणि गरम पाण्याचा नळ उघडा ठेवला, हवा फसफसत जाऊन सलग धार येईपर्यंत. टाकी भरल्याशिवाय प्लगला हात लावायचा नाही, कोरडी कॉइल काही मिनिटांत जळते.

चकतीच्या कडेला थेंब जमला. नट आणखी आवळले तरी जमलाच. सगळं पुन्हा रिकामं, पुन्हा परात. बसकणीच्या जागेवर ज्वारीच्या दाण्याएवढा क्षार चिकटून राहिलेला, काळ्या डागासारखा दिसत होता म्हणून सुटला. नखाने निघाला. दोन तास त्या दाण्यापायी गेले. पुन्हा बसवलं, कागदी रुमाल भोवती फिरवला, कोरडा.

अर्थची वायर चकतीच्या बोल्टला नीट घट्ट आहे का ते बघून चालू केला. सुरुवातीचं पाणी १९ अंश. भाराला २२१ व्होल्ट. एवढ्या व्होल्टला २००० वॅटचा गिझर १८५० च्या आसपासच देतो, त्या हिशोबाने १५ लिटर ६० अंशांवर जायला तेवीस मिनिटं. दिवा गेला २५ व्या मिनिटाला. नळाचं पाणी थर्मामीटरवर ५९.

बटण आता ५५ वर ठेवलंय, थंडीसाठी पुरतं आणि क्षारही कमी बसेल.

हिशोब: सॉकेट आणि प्लग २५०, थर्मोस्टॅट ३२०, मेगर २००, कॉइल ६५०, गॅसकेट ४०, अ‍ॅनोड २८०, लिंबू सत्व ६०. एकूण १८०० रु. नवा गिझर सातेक हजारांचा. टाकी गळत असती तर मात्र यातलं काही केलं नसतं, सरळ नवा आणला असता.

५ जानेवारी २०२५, रविवार

आईशी फोन. गिझर आपला आपण बंद होतो, चकतीखाली ठेवलेला कागद कोरडा, सॉकेटला हात लावला तर गार. वायरमन येऊन मेगर लावून गेला, पैसे घेतले नाहीत. काटा दुसऱ्या टोकाला. त्याला मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवायला सांगितलाय, संक्रांतीनंतर येतो म्हणाला. त्याच वेळी बाथरूमच्या सॉकेटपर्यंत अडीच चौरस मिलिमीटरची वायर ओढायची आहे, आत्ताची दीडची निघाली. अ‍ॅनोड पुढच्या दिवाळीत उघडून बघायचा, तारीख गिझरच्या बाजूला खडूने लिहिलीय.